नागपूर ते चिखलदरा, ३३ इंची टायरवर: ट्रायल रिंग रोडवर घेऊ नका

पिकअपला ३३ इंची टायर लावायचे आणि क्राउन-पिनियन (इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी अॅक्सलमधली गिअरची जोडी) जुनंच ठेवायचं, असा विचार असेल तर चिखलदऱ्याचा घाट तुमचा दुसरा गिअर खाऊन टाकेल. गाडी वर पोहोचते, पण क्लच आणि ब्रेकच्या आयुष्यातून वजावट करून पोहोचते. हे नागपुरात कोणी सांगत नाही, कारण नागपुरात ते कळतच नाही.

गाडी होती इसुझु व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, मॅन्युअल. कंपनीचा टायर २५५/६० आर१८ (२५५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, १८ इंची रिम). त्याजागी १७ इंची रिमवर २८५/७० आर१७ ऑल-टेरेन, म्हणजेच ३३ इंची. दुकानात खात्रीने सांगण्यात आलं की फरक फक्त दिसण्यात पडतो, पाहिजे तर ट्रायल मारून या. ट्रायल आउटर रिंग रोडवर झाली आणि गाडी लोण्यासारखी चालली. चालणारच. शहर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, सगळं सपाट. एकदा वेग पकडला की मोठा टायर सपाटीवर उलट आरामदायी वाटतो, कारण इंजिन कमी फिरतं. तिथेच माणूस फसतो.

हिशेब सोपा आहे, दुकानात पैसे देण्याआधी कागदावर करा. २५५/६० आर१८ चा व्यास ७६३ मिमी. २८५/७० आर१७ चा ८३१ मिमी. म्हणजे ८.९ टक्के वाढ. गाडीचं सगळं गिअरिंग तेवढंच लांब झालं. समजा क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.१ आहे (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून अॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे, ४.१ फेरे), तर आता ती गाडी ३.७७ असल्यासारखी वागेल. मूळ ताकद परत हवी असेल तर ४.१ गुणिले १.०८९, म्हणजे ४.४६ च्या आसपासचं गुणोत्तर लागेल. ज्या वेगाला इंजिन आधी १८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरत होतं, तिथे आता १६५० वर फिरतं. या इंजिनाचा ३६० न्यूटन-मीटर टॉर्क २००० ते २५०० आरपीएममध्ये मिळतो. १६५० म्हणजे टर्बो अजून नीट भरलेला नाही. सपाटीवर याचा पत्ता लागत नाही, चढावर लगेच लागतो.

छापील मापावर पूर्ण विसंबू नका, एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर कमी-जास्त असतात. जुना टायर काढण्याआधी त्यावर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. नवीन टायरवर तेच करा. दोन्हींचा भागाकार म्हणजे तुमच्या गाडीचा खरा आकडा.

नागपूर, कोंढाळी, कारंजा, अमरावती हा महामार्ग छान आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. फक्त तळेगावच्या आधी सत्याग्रही घाट लागतो. घाट छोटाच, पण खरी ट्रायल इथे घ्या. सहाव्या गिअरमध्ये ८० वर चढायला लागा. कंपनीच्या टायरवर गाडी सहावा धरून ठेवायची, आता पाचवा टाकावा लागतो आणि पुढे ट्रक आला की चौथा. हे इथेच दिसलं तर पुढचा अंदाज आपोआप येतो. नवीन टायरवर गाडी ९० च्या खाली असेल तर सहावा गिअर विसरा.

आता काट्याबद्दल. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे ८.९ टक्क्यांची पूर्ण चूक दिसत नाही, पण तो आता कमी दाखवायला लागतो. मोबाइलच्या जीपीएसशी ४०, ६० आणि ८० वर ताडून डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. काटा ११५-११६ दाखवत असताना गाडी खरंच १२० वर असू शकते, चलान आल्यावर टायर मोठे होते हे कारण चालणार नाही. ओडोमीटरचंही तेच, १०९ किमी धावल्यावर तो १०० मोजतो. म्हणून मायलेज काढताना १.०८९ ने गुणा. हिशेबात ९.५ आलं तर खरं १०.३ आहे. अर्धी मंडळी 'मायलेज फार पडलं' म्हणून उगाच घाबरतात, बाकीची सर्व्हिसला उशिरा जातात. १०,००० ची सर्व्हिस ९,२०० लाच करा.

परतवाड्यात डिझेल भरा, हवा तपासा, ब्रेक ऑइल बघा. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नागपुरातच बदलून निघायला हवं होतं.

परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा आणि चिखलदरा. गाव १,११८ मीटरवर आहे, म्हणजे पायथ्यापासून सातशे मीटरच्या आसपास चढ. चढ एकसारखा असता तर प्रश्न नव्हता. खरा त्रास वळणांचा आहे. वळणात शिरताना वेग २० वर येतो. कंपनीच्या टायरवर दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन गाडी सरळ उचलायची. आता दुसऱ्यात इंजिन दबतं, गाडी थरथरते, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दोन-तीन सेकंद काही होत नाही. आणि पहिला टाकला तर वळण संपेपर्यंत इंजिन किंचाळतं, पुन्हा दुसरा टाकताच आरपीएम खड्ड्यात. दोन्ही गिअरच्या मधली जी जागा आहे, नेमकी तिथेच हा घाट आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पुढे पर्यटकांच्या गाड्या अडतात, मागेपुढे सरकत थांबा-चला होतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्या क्लचवर गाडी उचलावी लागते. पंधरा मिनिटांत क्लचप्लेट जळल्याचा वास येतो. वास आला की लगेच रुंद जागा बघून थांबा, इंजिन चालू ठेवा, वीस मिनिटं काहीही करू नका. वास असतानाच पुढे रेटलं तर फ्लायव्हीलही जातं आणि खर्च क्लचच्या कितीतरी पट होतो.

पहिला गिअर वळणाच्या आधी टाका, मध्ये नाही. आरपीएम दोन हजारांच्या खाली येऊ देऊ नका. पुढच्या गाडीपासून एक वळण अंतर ठेवा, म्हणजे थांबावं लागत नाही. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सर्वात हळू गिअर) लावायचा मोह होईल, पण कोरड्या डांबरावर लावू नका. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण चढतो आणि लिव्हर अडकतो. मागे सामान असेल तर हे सगळं दुपटीने जाणवतं. हौद्यात तीन-चारशे किलो टाकून या टायरवर या घाटात जाऊच नका.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. इंजिन ब्रेकिंगला दोन्हीकडून मार बसतो: इंजिन कमी फिरतं म्हणून रोखतं कमी, आणि जे रोखतं तेही लांब त्रिज्येमुळे जमिनीपर्यंत कमी पोहोचतं. वर हा नवा एलटी (हलक्या ट्रकसाठीचा) टायर साधारण २४-२६ किलोचा, कंपनीचा १५-१७ किलोचा. प्रत्येक चाकावर आठ-नऊ किलो जास्त फिरतात आणि ते सगळं कंपनीच्याच ब्रेकना थांबवायचं असतं. चढताना जिथे दुसरा होता तिथे उतरताना पहिला ठेवा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, जोरात दाबा आणि सोडा. पेडल मऊ लागलं तर थांबा, चाकाला दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका.

घासण्याबद्दल: नागपुरात जागेवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवतात आणि 'कुठे घासत नाही' म्हणतात. ही तपासणी अपुरी आहे. एक पुढचं चाक फूटपाथवर चढवा, मग स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवा आणि रिव्हर्सही घ्या. बहुतेक गाड्या रिव्हर्समध्येच घासतात. मडफ्लॅप काढणं, आतलं प्लास्टिक लायनर हीट गनने मागे दाबणं, बंपरचा कोपरा कापणं, इथपर्यंत ठीक. केबिन ज्यावर बसते तो माउंट कापायला कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढा. व्हील नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या. स्टेपनी त्याच मापाची हवी, नाहीतर फोर-बाय-फोर वापरता येणार नाही आणि एबीएसचा दिवा लागेल. हौद्याखालच्या जागेत ३३ इंची बसतो का ते आधी बघा. बसत नसेल तर हौद्यात साखळीने बांधा.

हवा सकाळी थंड टायरवर मोजा. साडेपाच अंश तापमानाला जवळपास एक पीएसआय वाढतो, मे महिन्यात दुपारी पाच-सहा पीएसआय जास्त दिसेल. तेव्हा हवा काढू नका. योग्य दाब शोधायला टायरच्या रुंदीभर खडूची रेघ मारा आणि सरळ थोडं चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी.

सर्वात जास्त लूट होते ती 'इलाजा'त. घाटात गाडी दम टाकते म्हटल्यावर आधी पेडल बॉक्स विकतात. त्याने इंजिनाची ताकद कणभर वाढत नाही, तेवढ्याच दाबाला थ्रॉटल लवकर उघडतो इतकंच. मग रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं. रीमॅपने वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण तुमचा त्रास १५०० च्या आसपासचा आहे, जिथे टर्बोच भरलेला नाही. तिथे जबरदस्तीने डिझेल वाढवलं तर धूर निघतो आणि क्लचवर ताण येतो. दोन्हींवर पैसे घालवू नका.

खरा इलाज क्राउन-पिनियन. फोर-बाय-फोरमध्ये पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच गुणोत्तराचं लागतं. तुमचं सध्याचं गुणोत्तर घरीच मोजता येतं, फक्त डिफरन्शियल (क्राउन-पिनियन ज्यात बसतं ती अॅक्सलची पेटी) लॉक लागलेलं नको. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटलेला. मागचं एकच चाक जॅक-स्टँडवर उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. चार फेरे आणि वर थोडं आलं तर ४.१ च्या जवळपास. बसवणाऱ्याला दातांवर रंग लावून संपर्काचा ठसा दाखवायला सांगा. 'आमचा अंदाज पक्का आहे' म्हणत असेल तर काम देऊ नका, ऐंशीवर हुंकारणारं डिफरन्शियल नंतर कोणी नीट करत नाही. सुरुवातीचे सात-आठशे किलोमीटर ओझं नको, मग ऑइल बदला.

हा खर्च करायचा नसेल तर २६५/७० आर१७ घ्या. व्यास ८०३ मिमी, वाढ ५.२ टक्के. फरक तरीही जाणवतो, पण दुसरा गिअर जिवंत राहतो, घासणं जवळपास नाही, आणि मेळघाटातल्या कच्च्या रस्त्याला तेवढी उंची पुरते. ३३ इंचीने जमिनीपासूनची उंची फक्त ३४ मिमी वाढते, कारण व्यासातली निम्मीच वाढ खाली मिळते.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टायर मडगार्डच्या बाहेर आले की अडवायला निमित्त मिळतं. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

परतीला घटांगमार्गे उतरलात तरी नियम तेच. परतवाड्यात पोहोचल्यावर चारही रिमजवळ हात न्या, स्पर्श करू नका. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तिथला ब्रेक अडकतोय, अमरावतीला दाखवूनच पुढे निघा.