पेन्सिलीची ड्युटी लिस्ट

सर्जिकल वॉर्डची इनचार्ज म्हणून मला ११ वर्षं झाली. त्यातली पहिली आठ वर्षं महिनाअखेर आली की पोटात गोळा यायचा, कारण ड्युटी लिस्ट लागायची. लिस्ट वरच्या ऑफिसातून तयार होऊन यायची, मी ती फक्त काचेवर चिकटवायची. मग दिवसभर एकेक सिस्टर दारात. "मॅडम, पोराची परीक्षा आणि माझ्या सात नाईट?" माझ्याकडे उत्तर नसायचं. एका वर्षात १४ पैकी चार मुली सोडून गेल्या. चौघीही हाताच्या फार चांगल्या होत्या. ते अजून सलतं.

मधुमेहाच्या पायाच्या जखमा मी आयुष्यभर बांधत आले. जखम आपण भरत नाही. ती तळातून वर आणि कडेकडेनं आपली आपण भरून येते. तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं की जीव भांड्यात पडतो. आपण ती स्वच्छ ठेवायची, साखर आटोक्यात आहे ना, पायाला रक्त पोचतंय ना ते बघायचं. आणि जखमेला चिकटलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची पट्टी, कधी कोरडा ओढायचा नाही. ओढला तर नुकतंच आलेलं नवं मांस त्याच्यासोबत निघून येतं. सलाईननं भिजवायचा आणि थांबायचं. विद्यार्थिनींना मी हे सगळ्यात आधी शिकवते. वॉर्डच्या बाबतीत मात्र आम्ही दर महिन्याला कोरडा गॉज ओढत होतो.

हे मला कळलं ते नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझॉर्ख या संस्थेबद्दल एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा. नावाचा अर्थ शेजारपाजारची काळजी. ती निघण्याआधी त्या देशात घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या प्रत्येक कामाला मिनिटं ठरवून दिली गेली होती, आणि एकाच आजींकडे दर वेळी नवा चेहरा जायचा. योस दे ब्लॉक हे स्वतः नर्स. त्यांनी २००६ साली ही संस्था काढली, सुरुवात चार जणांच्या एका टीमनं. पुढे ती दहा हजारांच्या घरात गेली, तरी एक टीम जास्तीत जास्त १२ जणांचीच. त्याहून वाढली की केळीला मुनवे फुटावेत तशी दुसरी टीम वेगळी होते. टीमवर मॅनेजर नाही. पेशंट कोण बघणार, सुट्टी कोण घेणार, नवीन माणूस घ्यायचं का, हे टीमच ठरवते. अडलं तर कोच असतो, पण तो हुकूम सोडत नाही.

आमच्याकडे एवढं सगळं होणार नव्हतं. मी फक्त ड्युटी लिस्ट मागून घेतली, तीन महिन्यांपुरती. ड्युटी रूममध्ये ड्रॉइंग पेपर लावला, रेघा मारल्या, दोऱ्याला पेन्सिल आणि खोडरबर बांधलं. रोज रात्री दोघी हव्यात, त्यातली एक जुनी हवी, आणि नाईट संपल्या की ऑफ हवा. एवढ्याच अटी.

पहिलाच महिना दिवाळीचा. लक्ष्मीपूजनाची रात्र आठ दिवस कोरी. मला रोज वाटायचं, आपणच दोन नावं टाकून मोकळं व्हावं. हात आवरला. नवव्या दिवशी त्या चौकोनात बारीक अक्षरात चार नावं होती. हॉस्टेलवरच्या दोघी साडेबारापर्यंत थांबणार, घरी पूजा उरकून दुसऱ्या दोघी येणार, एकीचा नवरा त्यांना गाडीतून सोडणार. मी शंभर वर्षं बसले असते तरी हे मला सुचलं नसतं.

सगळं आपोआप गोड झालं असं मात्र नाही. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, एक अबोल मुलगी नेहमी शेवटी लिहिते आणि तिच्या वाट्याला सगळे रविवार येतात. मोकळं सोडलं की जोमाचं झाड सावली धरतं, आणि खालचं रोप खुरटतं. तेव्हा मात्र मी मध्ये पडले. आता पेन्सिल दर महिन्याला वेगळ्या मुलीच्या हातात आधी जाते.

आणि एक चूक माझी स्वतःची. एका सकाळी ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती एकमेकींना देणं, चालू असताना दारातून मावशी म्हणाल्या, "१७ नंबरच्या आजोबांनी कालपासून चहापण घेतला न्हाई." फाइलमध्ये ही नोंद नव्हती. बघितलं तर पोट फुगलेलं, ताबडतोब डॉक्टरांना बोलावलं. नंतर मावशींनी कागदाकडं बोट दाखवून विचारलं, "ह्यात आमचं नाव कुठाय, सिस्टर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेडपॅन देणारी, चादर बदलणारी, पेशंटशी सगळ्यात जास्त बोलणारी माणसं मी वॉर्डात धरलीच नव्हती.

तेव्हापासून मावशी आणि मामा ओव्हरला उभे राहतात, आधी त्यांचं ऐकतो. कागदावर खाली पाच ओळी वाढल्या. या तीन वर्षांत एकच मुलगी गेली, लग्न होऊन पुण्याला.

त्या मावशींना लिहिता येत नाही. ऑफ हवा त्या चौकोनात त्या कपाळाची टिकली काढून चिकटवतात. या महिन्यात चार आहेत, बुधवारची जरा मोठी. त्या दिवशी नातीचं बारसं आहे.