साठा किती टक्के?

उन्हाळा लागला की सोलापूरचा माणूस पेपरात आधी उजनीची टक्केवारी बघतो. ज्याला धरणातलं ओ की ठो कळत नाही, तोही चहाच्या टपरीवर ऐटीत सांगतो, ‘उजनी वजा पंधरा.’ बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, ही मंडळी आपली फिरकी घेतायत. पाणी उणे कसं असेल? पण धरणाचा हिशेबच तसा आहे. 117 टीएमसीतले साधारण 63 टीएमसी मृतसाठ्यात जातात आणि टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या पाण्याचे. 2024च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता, तरी नळाला चार-पाच दिवसांआड का होईना, पाणी येत होतं.

असल्या हिशेबावर वाढलेल्या माणसाला नॅस बॉक्स, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, काय धक्का देणार? घरातले सिनेमे, गाणी, फोटो एका जागी ठेवायचे आणि हॉलमधल्या टीव्हीवर, आईच्या टॅबवर कुठंही बघायचे म्हणून मी तो आणला. 4 टीबीच्या चार डिस्क घातल्या. पैसे 16 टीबीचे मोजले आणि पडद्यावर दिसले 10.9. रेड 5 या डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीत एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे दुरुस्तीच्या हिशेबात जाते. त्यामुळं कुठलीही एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं परत मांडता येतं. उरले 12. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि बॉक्स 1024च्या, त्यात आणखी एक टीबी गेला. मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, फसवलं की तुम्हाला!’ मी म्हटलं, मृतसाठा आहे तो.

पुढचा प्रश्न व्हॉल्यूम, म्हणजे या जागेचे आखलेले भाग, किती करायचे हा. मेव्हण्याचा आग्रह होता, सिनेमांचा वेगळा, फोटोंचा वेगळा, आईच्या भजनांचा वेगळा. ऐकायला झकास. अडचण अशी की व्हॉल्यूम वाढवता येतो, कमी करणं महाकर्मकठीण. बऱ्याच घरगुती बॉक्सांत ती सोयच नसते, आणि लिनक्सवरच्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमचा, म्हणजे फायली मांडायच्या पद्धतीचा, व्हॉल्यूम तर वाढतच जाणार, आकसणार नाही. म्हणजे भजनांकडे 2 टीबी मोकळे पडलेत, सिनेमे तुडुंब झालेत आणि इकडचं तिकडं देता येत नाही. म्हणून व्हॉल्यूम एकच केला, त्यात प्रत्येकाचं फोल्डर आणि फोल्डरला कोटा. कोटा आज दोन, उद्या दीड, कुणाचं काही मोडावं लागत नाही.

कोटा ठरवायला मात्र अख्खं घर बसवावं लागलं. ‘पप्पा, आजीला एक टीबी कशाला? भजनं तर एमपी3 असतात,’ चिरंजीव म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. 128 केबीपीएसचं तासभराचं भजन 60 एमबीसुद्धा खात नाही, एक टीबीत आईला जन्मभर पुरून उरेल. आईला टीबी म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण वाटणी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक आहे. ‘मला नको तुमचं ते,’ ती म्हणाली, ‘पण माझं काढून त्याला देऊ नकोस.’ एक टीबी आईच्या नावावर राहिला. आजही त्यातला बहुतेक रिकामाच आहे आणि तो कमी करायची माझी छाती नाही.

खरी गंमत पुढं कळते. आकारानुसार फायली लावल्या की वर सगळे सिनेमे येतात. ब्लू-रेवरून उतरवलेला एकेक सिनेमा तीस-चाळीस जीबीचा. उद्या गेला तर परत मिळेल, नाही मिळाला तरी कुणाचं घर बसणार नाही. वडील गिरणीत जॉबर होते. मागावर सूत का तुटतं, हे ते धाकट्या काकांना समजावून सांगतायत, अशी एक कॅसेट आहे. एका बाजूची 45 मिनिटं, चाळीसेक एमबी. यादीत ती इतकी खाली आहे की बोट दुखेपर्यंत सरकवत राहावं लागतं. घरातलं जे कुठंच पुन्हा मिळणार नाही, ते सगळं मिळून बॉक्सचा कोपराही भरत नाही.

अपवाद गड्ड्याचा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची ही यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि घरातले सगळे फोन एकाच मिरवणुकीवर रोखलेले असतात. 4केमध्ये मिनिटाला दीडशे ते साडेतीनशे एमबी. तोच नंदीध्वज, तेच बाराबंदीतले मानकरी, आणि चार जणांच्या चार फायली. डुप्लिकेट शोधणारा प्रोग्रॅम लावला तर तो म्हणतो, सगळं वेगळं आहे. एक-एक बाइट जुळली तरच तो डुप्लिकेट मानतो. आणि बायकोचंही तेच म्हणणं, ‘माझ्यात तुमचे मामा दिसतात, तुमच्यात नाहीत.’ दोघांपुढं माझं काही चालत नाही.

एकदा साठा 92 टक्क्यांवर गेला. बॉक्सची फाइल सिस्टिम इतकी भरली की मंदावते, म्हणून चिरंजिवांनी मोठ्या मनानं 300 जीबीची कार्टून पुसली. टक्केवारी जागची हलली नाही. त्यानं बॉक्स बंद करून चालू केला, तरी 92. कारण स्नॅपशॉट. बॉक्स रोज रात्री त्या घडीची स्थिती धरून ठेवतो, चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणून. आणि जुना स्नॅपशॉट जाईपर्यंत पुसलेली कार्टूनही जागा अडवून बसतात. ‘विसर्ग सोडला तरी पातळी उतरंना,’ असं मी म्हटलं, तर पोरगं माझ्याकडं बघत राहिलं.

आम्ही राहतो पूर्व भागात. आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळं सुताचं बारीक तूस पंख्याच्या जाळीत बसतं आणि मे महिन्यात डिस्क पन्नास अंशांच्या आसपास तापतात. ब्रश फिरवणं हा माझा रविवारचा नेम. वीज गेली तर यूपीएस बॉक्सला कळवतो आणि तो शहाण्यासारखा स्वतःहून बंद होतो. पॅरिटी लिहिता लिहिता वीज गेली तर रेडचा हिशेब अर्धवट राहतो, तेव्हा यूपीएसला पर्याय नाही.

पण चोरी झाली, आग लागली तर रेड काय करणार? म्हणून कॅसेट, जुने फोटो आणि गड्ड्याच्या निवडक फायली एका पोर्टेबल डिस्कवर घालून बार्शीला बहिणीकडं ठेवल्यात. भाऊबीजेला नवी डिस्क घेऊन जायचं, जुनी परत आणायची. गेल्या वेळी आणलेली उघडून बघतो तर ती शिगोशीग भरलेली. आमच्या फायली शाबूत होत्या, बाकीच्या जागेत बाईसाहेबांनी आपल्या मालिका आणि दिराच्या लग्नाचं सगळं शूटिंग घातलेलं. फोन केला तर म्हणाली, ‘रिकामीच होती की दादा. पुढच्या वेळी जरा मोठी आण.’