सापडला का तो बिंदू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत 2026 पर्यंत सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवत असत आणि मी त्या प्रयोगाची आकडेमोड करतो, हे कळलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. सोनं किती लागतं? (नगण्य. सराफांनी निर्धास्त राहावं.) आणि तो 'क्रांतिक बिंदू' सापडला का?

पाणी उकळताना पाणी वेगळं आणि वाफ वेगळी, हे आपण रोज बघतो. पण तापमान आणि दाब वाढवत 374 अंश सेल्सिअस आणि सुमारे 218 वातावरणांपर्यंत नेले की हा भेद मिटतो. त्या टोकावर घनता जागोजागी इतकी कमीजास्त होते की स्वच्छ पाणी दुधाळ दिसू लागतं. केंद्रकातल्या द्रव्यालाही असं टोक असावं, असा कयास आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे त्यांच्या आतल्या कणांचं मोकळं द्रव्य होतं, पण द्रव्य आणि प्रतिद्रव्य (उलट भाराच्या जुळ्या कणांचं द्रव्य) सारखंच असेल तर हा बदल सुमारे 1.8 लाख कोटी अंशांना अगदी सावकाश, कुठेही उडी न मारता होतो, असं गणित सांगतं. द्रव्य दाट झालं की उडी दिसावी, आणि ती जिथून सुरू होते तोच हा बिंदू. तो कुठे असेल याचा अंदाज मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनीही बांधला होता.

आता दुधाळपणा बघायचा कसा? टकरीतून झालेला द्रव्याचा गोळा दिसायच्या आत संपतो. म्हणून आम्ही मोजणी करतो: प्रत्येक टकरीतून किती प्रोटॉन निघाले, त्यातून प्रतिप्रोटॉन वजा. लाखो टकरींचा आलेख काढला की त्याची सरासरी कोणालाही सांगता येते. आमचा जीव अडकलेला असतो त्याच्या शेपटांत, म्हणजे दोन्ही टोकांना, जिथे क्वचित घडणाऱ्या टकरी असतात; दुधाळपणा असलाच तर तो तिथेच उमटावा. शोधकाची (कण टिपणाऱ्या उपकरणाची) कार्यक्षमता जरा चुकीची धरली तरी शेपूट हलतं, आणि मग महिनोन्महिने नुसती झाडाझडती.

द्रव्य दाट हवं तर ऊर्जा कमी करावी लागते, म्हणून टकरी घडवणारं यंत्र 200 जीईव्हीवरून (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) 7.7 पर्यंत खाली आणलं. हे यंत्राला मानवत नाही. झोत फुगतो, टकरी रोडावतात, सोनं नळीच्या भिंतीलाच धडकतं. शेवटी नळीतच सोन्याचा पातळ पत्रा बसवून 3 जीईव्हीपर्यंतच्या टकरी घेतल्या.

तर, सापडला का? नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ऊर्जा बदलताना शेपटांच्या मापात चढउतार दिसला, पण 3.1 सिग्माचा (सिग्मा म्हणजे खात्रीचं माप), आमच्यात शोध म्हणायला 5 लागतात. पुढच्या नेमक्या मोजणीत 20 जीईव्हीच्या आसपास खळगा दिसतो. त्यानंतर अपेक्षित असलेली चढण 7.7 पर्यंत ठामपणे दिसलेली नाही, आणि 3 ला सगळं साध्या हॅड्रॉनी (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या न वितळलेल्या कणांच्या) गणितात बसतं. म्हणजे बिंदू असलाच तर माझी पैज 3 आणि 7.7 यांच्या मधल्या पट्ट्यावर. जर्मनीत डार्मस्टाटला उभं राहत असलेलं फेअर हे नवं यंत्र, ज्यात भारतही भागीदार आहे, त्याच पट्ट्याच्या खालच्या भागात टकरी घेणार आहे.