देवी झोपलीय, मग दर्शन कुणाचं?

भाद्रपद वद्यात पहिल्यांदा तुळजापूरला जाणारे हमखास गोंधळतात, सिंहासन रिकामं अन् देवी पलंगावर. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत ती झोपते, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की शीण घालवायला परत पौर्णिमेपर्यंत, अन् पौषात शाकंभरी नवरात्राआधी अजून एकदा. मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते, म्हणून हे जमतं. मला यातली दसऱ्यानंतरची श्रमनिद्राच लई आवडते, महिषासुराशी लढून बाई दमली तर झोपणारच ना, घरातल्या बायांना एवढी सवड कोण देतं!

पंढरपुरात उलटं. आषाढीला विठ्ठलाचा पलंगच बाहेर काढतात, पाठीला लोड देतात अन् दर्शन रात्रंदिवस चालू, मग पुढं प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाला न्हाऊ घालून शिणवटा काढायची पूजा, होऊन देव निवांत होतो. गंमत बघा, त्याच एकादशीला पंचांगात विष्णू चार महिन्यांसाठी झोपायला जातो. म्हणजे एकाच दिवशी क्षीरसागरात झोप अन् विटेवर नाईट ड्युटी, आपल्याकडं कुणाला यात काही खटकत नाही अन् मलाही नाही.

हे सगळं एका मुसलमान मित्राला सांगत होतो तर तो म्हणे आमच्यात हा विषयच नाही, कुराणातल्या आयतुल कुर्सी या आयतीत साफ लिहिलंय की अल्लाहला ना डुलकी येते ना झोप. मग जागायचं माणसानं, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्री शबे कद्र, म्हणजे कुराण उतरलं ती रात्र, शोधत. अन् हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, मराठवाड्यातल्या मे महिन्यात रोजा आला की काय होतं ते त्यालाच विचारा.

नांदेडला परत वेगळं. गुरू गोबिंदसिंगांनी 1708 मध्ये तिथंच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, अन् गुरू म्हटल्यावर विश्रांतीपण आलीच की, रात्री सुखासन, म्हणजे ग्रंथ मिटून विसाव्याला नेणं, अन् पहाटे प्रकाश, म्हणजे तो परत उघडणं. पोथी बंद करून ठेवली असं तिथं कुणी म्हणणार नाही.

म्हणून मला वाटतं नुसती जागा पवित्र असून भागत नाही, आपण कोणत्या घटकेला पोचलो यावर बरंच काही असतं. वेरूळला तर वेळापत्रक पुरातत्त्व खात्याचं, मंगळवारी लेणी बंद. देवीचा वार म्हणून त्याच दिवशी तुळजापूरला पाय ठेवायला जागा नसते, अन् इकडं कैलास लेण्याच्या गेटला कुलूप, जवळच घृष्णेश्वराची लाईन मात्र चालूच.