भार सुटलेला पंखा

मृग लागल्यानंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, पाटोदा तालुक्यातील एका वस्तीवरून एका ओळखीच्या मुलाचा मला फोन आला. त्याने तिथे वाऱ्यावर वीज करणारा पंखा, म्हणजे छोटी घरगुती पवनचक्की, खांबावर उभारली होती. बालाघाटच्या पठारावरची ही वस्ती गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत आहे. "काका, पंख्याचा आवाज बदललाय. लई जोरात फिरायलाय, काय करावं सुधरना," एवढेच तो मुलगा म्हणाला, पण मागून येणारी भिरभिर मला फोनवरही स्पष्ट ऐकू येत होती. पंख्याची वीज बॅटरीत बेताने सोडणाऱ्या कंट्रोलरचा दिवा लागलेला आहे का, असे मी विचारले. दिवा बंद होता आणि खोलीत जळाल्याचा वास भरला होता. मी त्याला लगेच सांगितले की पाती ज्या रेषेत फिरत आहेत त्या रेषेत डावी-उजवीकडे कोणीही थांबू नये, त्या बाजूची जनावरे सोडावीत आणि घरातल्यांना घेऊन वारा येतो त्या दिशेला लांब जाऊन उभे राहावे, कारण निसटलेले पाते बहुधा फिरण्याच्या रेषेतच बाहेर फेकले जाते.

माझे दुकान मोटार रिवाइंडिंगचे. विहिरीच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. त्या मुलाने आयटीआय केलेले होते आणि त्याचा हात चांगला होता. वस्तीवर शेतीपंपाच्या लाइनखेरीज दुसरी वीज नव्हती आणि ती लाइनही बहुतेक वेळा रात्रीचीच, म्हणून त्याने आधी 330 वॅटची दोन पॅनेल आणि 150 अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्टची सोय केली होती. मात्र आषाढात सलग आठ-दहा दिवस आभाळ उतरून राहिले की बॅटऱ्या बसत. त्याच दिवसांत पठारावर वारा रात्रंदिवस वाहतो, या भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर, तेव्हा पंख्याचा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी घरी बनवता येणाऱ्या पवनचक्कीची जी पद्धत जगभर पोहोचवली, तिच्या आधारे त्याने 2.4 मीटर व्यासाचा पंखा केला. दोन लोखंडी तबकड्यांवर प्रत्येकी बारा निओडायमियम चुंबके, त्यांच्या मध्ये रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनात, बसवलेली तारेची नऊ वेटोळी म्हणजे कॉइले, आणि गावच्या सुताराकडून कोरून घेतलेली तीन लाकडी पाती. ती नऊ कॉइले मीच माझ्या दुकानात गुंडाळून दिली होती. तारेचा गेज आणि वेढे मी दोनदा मोजले, पण हा पंखा तू कोणत्या कंट्रोलरला जोडणार आहेस, हा एक प्रश्न मी विचारला नाही. त्या संध्याकाळी मोटारसायकलवर मला राहून राहून तेच आठवत होते.

त्याने पंखा सोलरच्या कंट्रोलरला जोडला होता. पॅनेलच्या बाबतीत बॅटरी भरली की कंट्रोलर तार तोडतो आणि काहीही बिघडत नाही, पॅनेल उन्हात नुसते तापत बसते. पंख्याची गोष्ट अगदी वेगळी आहे, कारण कॉइलांमधून वाहणारा करंटच चुंबकांना मागे ओढत असतो आणि तेवढ्या ओढीवरच पंखा आटोक्यात राहतो. बॅटरी भरल्यावर कंट्रोलरने तार तोडली, म्हणजे त्याने पंख्याचा ब्रेक सोडून दिला. मोकळा झालेला पंखा वेग घेऊ लागला आणि वेगाबरोबर व्होल्टेज चढले. त्या कंट्रोलरवर कमाल 55 व्होल्ट असे छापलेले होते. तो जळाला आणि पंख्यावर पुन्हा भार, म्हणजे त्याची वीज ओढणारे काही, येण्याची शक्यताही संपली.

मी पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. पाती दिसत नव्हती, खांबाच्या टोकावर एक करडे वर्तुळ तेवढे दिसत होते आणि ताणाच्या तारा थरथरत होत्या. पंखा भाराखाली नीट चालत असला तरी त्याच्या पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगाने धावते. ताशी 36 किलोमीटरचा वारा धरला तर हा वेग ताशी अडीचशेच्या घरात जातो, आणि भार सुटल्यावर तो याच्याही कितीतरी वर जातो. त्यातही वेग दुप्पट झाला की पात्याच्या मुळावरची ओढ चौपट होते.

पंख्यातून खाली येणाऱ्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडल्या की असा पंखा थांबतो, हे त्या मुलाला माहीत होते आणि तो हातात तार घेऊन तयार होता. मी त्याला अडवले. ही युक्ती पंखा हळू असताना उत्तम चालते. पूर्ण वेगात मात्र वाऱ्याचा जोर ब्रेकला पुरून उरतो, करंट कॉइलांना सोसत नाही, थोड्याच वेळात कॉइले तापून रेझिनसकट जळतात, आणि कॉइले जळाली की हातात राहिलेला शेवटचा ब्रेकही जातो. मी दुकानातून तीन पोलचा एक मेन स्विच सोबत आणला होता. त्याच्या एका बाजूचे तिन्ही टर्मिनल जाड तांब्याच्या पट्टीने आपसांत जोडून घेतले, रबरी हातमोजे घालून दुसऱ्या बाजूला पंख्याच्या तारा एकेक करून कसल्या. मीटरवर तेव्हा 80 व्होल्टच्या वर दिसत होते. त्यानंतर आम्ही वारा पडण्याची वाट पाहत बसलो.

साधारण दोन तास आम्ही तसेच होतो. एकदा झुळूक ओसरली, आवाज खाली आला, मी स्विचच्या दांडीवर हात ठेवला, तोच पुन्हा झोत आला आणि मी हात काढून घेतला. साडेनऊच्या पुढे पावसाचे टपोरे थेंब पडू लागले आणि वारा एकदम बसला. टॉर्चच्या उजेडात पाती वेगवेगळी दिसू लागेपर्यंत मी थांबलो आणि मग दांडी दाबली. खांब वरपासून खालपर्यंत एकदा हादरला, पाती आणखी दोन-चार फेरे घेऊन रांगल्यासारखी हलत राहिली. त्या मुलाची आई तोपर्यंत बांधावर पदर डोक्यावर घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही, फक्त जनावरे बांधायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आडवा केला. एका पात्याला मुळाशी, बोल्टच्या भोकापासून, बोटभर लांबीची चीर गेली होती. पंख्याला वाऱ्यासमोर धरणारे मागचे शेपूट सरळ वेल्डिंग करून घट्ट बसवलेले होते, हा दुसरा दोष. मूळ पद्धतीत ते तिरक्या बिजागरीवर असते, त्यामुळे वारा फार झाला की पंखा आपोआप तोंड फिरवतो. बिजागरीचा कोन जमेना म्हणून त्याने ती सोडून दिली होती. पुन्हा उभारणी करताना आम्ही आधी बिजागरी केली.

कंट्रोलरही बदलला. नवा कंट्रोलर तार तोडत नाही, बॅटरी भरली की जास्तीची वीज दुसऱ्या भाराकडे वळवतो. या डम्प लोडसाठी पाणी तापवायचा रॉड लावू, असे तो म्हणाला, आणि ही चूक पुष्कळांकडून होते. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा रॉड म्हणजे सुमारे 53 ओहमचा रोध, 24 व्होल्टची बॅटरी भरत आली की तिच्यावर असणाऱ्या सुमारे 29 व्होल्टवर तो जेमतेम 16 वॅट घेतो. आम्ही 2000 वॅटच्या शेगडीची कॉइल घेतली आणि तिचे आठ सारखे तुकडे केले. 230 भागिले 8 म्हणजे पावणेएकोणतीस व्होल्ट, त्यामुळे बॅटरीच्या व्होल्टेजवर प्रत्येक तुकडा 250 वॅट घेतो. असे सहा तुकडे समांतर जोडून 1500 वॅटचा भार झाला. एकूण करंट पन्नास अँपिअरच्या वर जाणार, म्हणून कंट्रोलर 60 अँपिअरचा आणि तारा 16 चौरस मिलिमीटरच्या घेतल्या. ते तुकडे जाळीच्या लोखंडी पेटीत चिनी मातीच्या ठोकळ्यांवर ताणून कडब्याच्या गंजीपासून दूर, दगडी भिंतीवर लावले.

एवढी खटपट कशासाठी, असे मला काहींनी विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ताशी 15 किलोमीटरच्या वाऱ्यात हा पंखा पन्नासेक वॅट देतो, 30 किलोमीटरच्या वाऱ्यात आठपट, म्हणजे चारशेच्या आसपास. गावात, झाडांच्या आणि घरांच्या आडोशाला राहणाऱ्याने तोच पैसा आणखी दोन पॅनेलांवर घालावा, असेच मी सांगतो. उघड्या पठारावरच्या त्या वस्तीला मात्र मी तसे सांगू शकलो नाही.

आषाढात मी पुन्हा तिकडे गेलो. मुलगा पाणी द्यायला रात्री शेतात असतो, म्हणून खांबापाशी कायमचा बसवलेला तो तीन पोलचा स्विच त्याने आईला शिकवला होता. "दाखवू का भाऊ?" असे विचारून ती खांबापाशी गेली, दांडीवर हात ठेवला, वर पाहिले, आणि झोत ओसरेपर्यंत तशीच थांबून राहिली.