गोळ्यांच्या बाजूनं आलेली बोट

त्या बोटवाल्या पोरावर मला धड रागावता येत नाहीये, म्हणूनच ते प्रकरण डोक्यातनं जात नाही.

काम नेहमीचंच. पंचगंगेवर प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला एका जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीची, जाळी गाळ आणि जलपर्णीनं गच्च झालेली. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबून चढतं, मग डायव्हर उतरवल्याशिवाय गत नसते. खाली स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून. हवेची नळी आणि बोलायची वायर एकत्र बांधलेली असते, तिला आम्ही अंबिलिकल म्हणतो, ती तराफ्यावरनं टेंडर, म्हणजे नळी सांभाळणारा माणूस, सोडतो नि ओढतो. लोकांना वाटतं डायव्हर तराफ्याच्या बरोबर खाली असतो, पण आमचा त्या वेळी तराफा आणि काठ यांच्या मधे होता, आणि नळी तिकडंच गेलेली.

मी आधी समुद्रावर काम केलंय, त्यामुळं १९७२ च्या जहाजांची टक्कर टाळायच्या नियमांतला २७ नंबरचा नियम अंगात भिनलाय. असं काम करणाऱ्या बोटीनं दिवसा काळे आकार आणि रात्री दिवे टांगायचे. मधे उभ्या ओळीत गोळा, पत्त्यातल्यासारखी चौकट, गोळा, म्हणजे कामामुळं मी बाजूला होऊ शकत नाही. अडथळा असेल त्या बाजूला दोन गोळे, जायला मोकळी त्या बाजूला दोन चौकटी. रात्री मधे लाल-पांढरा-लाल, अडथळ्याकडं दोन लाल, मोकळ्या बाजूला दोन हिरवे. लहान बोटीवर एवढं टांगणं जमत नसेल तर दिवसा ए झेंड्याचा, म्हणजे पाण्याखाली डायव्हर असल्याच्या खुणेचा, निदान एक मीटर उंच कडक बोर्ड, पांढरा-निळा, चारी बाजूंनी दिसेल असा. कापडी नाही, वारा पडला की कापड लोंबतं आणि कुणालाच कळत नाही. मी बोर्डही लावलेला आणि आकारही. साठ सेंटिमीटरचे गोल पत्रे खाच पाडून एकमेकांत अडकवायचे, काळे रंगवायचे, कुठनंही बघा गोळाच दिसतो.

तरी ती फायबरची बोट गोळ्यांच्याच बाजूनं आली, आणि चांगल्या वेगात. मी पाच-सहा आखूड शिट्ट्या मारल्या, फोनवर डायव्हरला म्हटलं पाइप धर आणि हलू नको, टेंडरनं पटापट ढील ओढून घेतली, कारण ढिली नळी वर तरंगते आणि पंख्यात जाते. पोरानं इंजिन बंद करून उचललं म्हणून निभावलं. बोट नुसती घसरत नळीवरनं गेली.

"मामा, ते काळं काय टांगलंय मला कळंनाच. काठावरची लोकं इकडनं ये म्हटली, आलो."

आता याला काय बोलणार? हे नियम समुद्राला, आणि समुद्रातली जहाजं जाऊ शकतील अशा त्याला जोडलेल्या पाण्याला. पंचगंगेत बंधाऱ्यावर बंधारे, इथं कुठलं जहाज येतंय. पोराला इंजिन शिकवलंय, पुरातनं माणूस बाहेर काढायला शिकवलंय, हे कुणी शिकवलंच नाही. २०१९ च्या पुरानंतर आमच्या भागात बोटी वाढल्या, पण त्या चालवणाऱ्यांना पाण्याखाली माणूस असल्याची खूण कुणी दाखवली नसेल तर माझे गोळे नुसते पत्रेच. पंख्याला नदी काय न् समुद्र काय, नळी तेवढीच कापली जाते.

कंत्राटदार म्हणतो गोळेबिळे सोडा, लाल रिबन बांधा. अहो, लाल रिबन बघून माणूस थांबेल, पण जायचं कुठल्या बाजूनं हे त्याला कोण सांगणार? पुढच्या कामाला वरच्या अंगाला वॉकीटॉकी देऊन एक माणूस उभा करा म्हटलंय, त्याच्या मजुरीवरनं आमची अजून हुज्जत चाललीय.