आमची वाटचाल

वृद्धांना घरी जाऊन आंघोळ घालण्याचा आमचा व्यवसाय पुण्यात नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतून सुरू झाला, तेव्हा ‘हे तर आयाबाईंचे काम, त्यात धंदा कसला’ असे ऐकवणारेच अधिक भेटले. रबरी बुडाचे स्टूल, लांब दांड्याचा मग, जुन्या धोतराचे मऊ पंचे आणि खोबरेलाची बाटली एवढीच सामग्री तेव्हा पिशवीत असे, आणि आजही तीच आहे. पुढची काही वर्षे कामात गेली.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सोसायट्यांची फाटके आमच्यासाठी बंद झाली आणि पगार थकले. त्याच सुमारास, आमच्याकडेच हात बसलेल्या एका व्यक्तीने आमच्या सहा कामकरी बायका आणि गिऱ्हाइकांची वही नेऊन स्वतंत्र व्यवसाय थाटला व ‘वीस मिनिटांत आंघोळ’ अशी जाहिरात केली. वीस मिनिटांत माणूस उरकता येतो, न्हाऊ घालता येत नाही. त्यांच्या एका माणसाने कढत पाण्यात काथ्याने पाय घासल्यामुळे एका आजोबांच्या नडगीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली, आणि त्यांच्या सूनबाईंनी बोलावले ते आम्हालाच.

म्हातारपणी त्वचेतले तेल कमी झालेले असते, त्यामुळे साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावावा, पाणी कोमट ठेवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि अंग ओलसर असतानाच तेल लावावे. तळव्यांना मात्र मुळीच लावू नये, कारण न्हाणीघराच्या फरशीवर पाय सटकला तर खुब्याचे हाड मोडते. (घरोघरीच्या पाय घासायच्या वज्रीही आता माळ्यावर टाकाव्यात.)

त्या दिवसांत आम्हाला तारले ते एका निवृत्त शिक्षिका बाईंनी. आंघोळ बंद असतानाही त्यांनी महिन्याचे पैसे चुकवले नाहीत, आणि फाटक उघडल्यावर पहिले बोलावणेही त्यांचेच आले. आमची वही त्यांनीच घालून दिली होती आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले होते, ‘चोळू नका, टिपा.’ प्रतिस्पर्ध्यांच्या नव्या पत्रकावर आता हेच शब्द ठळक छापलेले दिसतात. वही अद्याप परत आलेली नाही.